पराचा कावळा कसा होतो?

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)



फोनवर एक निरोप येतो. ‘सावध राहा. आपल्या तालुक्यात मुलं पळवणारी टोळी उतरली आहे. भिकाऱ्याच्या वेशात फिरतात. शेजारच्या गावातून पाच मुलं नेली. आपल्या माणसांना लगेच कळवा.’ सोबत एखादा फोटो असतो, नाहीतर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. हा निरोप बहुधा परक्याकडून येत नाही. माहेरच्या ग्रुपवर वहिनी टाकते, बचत गटाच्या ग्रुपवर एखादी ताई टाकते, कधी शाळेच्या ग्रुपवरही येतो. आपण वाचतो, दारात खेळणाऱ्या पोराला हाक मारतो आणि पुढच्या दहा जणींना पाठवून देतो.

पुढे कळतं की तसं काही नव्हतंच. मग आपणच म्हणतो, ‘लोक अडाणी आहेत, कशावरही विश्वास ठेवतात.’ मला हे उत्तर पटत नाही. शिकलेली, नोकरदार, शहरात राहणारी माणसंही हेच निरोप पाठवतात आणि आपल्यापेक्षा जास्त वेगानं पाठवतात. तेव्हा अडाणीपणावर बोट ठेवून भागणार नाही. माणूस एकटा असताना, नात्यागोत्यात असताना आणि घोळक्यात असताना कसा वागतो, त्याचा अभ्यास करणारी एक विद्या आहे. तिला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. अफवा या तिन्ही ठिकाणांहून जाते. आधी एकीच्या मनात शिरते, मग नात्याच्या वाटेनं चालते आणि शेवटी घोळक्याच्या हातात पडते. घोळक्यात गेली की काय होतं ते आपल्याच राज्यात घडलंय. त्याकडे मी येणारच आहे. पण सुरुवात जरा लांबून करते, बिहारपासून.

१५ जानेवारी १९३४. संक्रांतीचे दिवस, दुपारचे दोन वाजून गेलेले. बिहार आणि नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. मुंगेर आणि मुजफ्फरपूर या शहरांची दैना झाली. दहा हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतरच्या दिवसांत जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी एक वेगळंच काम केलं. लोकांच्या तोंडी कोणकोणत्या अफवा फिरतायत, त्या त्यांनी गोळा केल्या. आणि त्याही कुठे, तर जिथं धक्का जाणवला होता, पण घरं पडली नव्हती, माणसं दगावली नव्हती अशा भागात.

तुम्हाला काय वाटतं? तिथले लोक म्हणत असतील की देवाच्या कृपेनं वाचलो, आता धोका टळला. झालं उलटंच. अमुक तारखेला पाटण्यावर मोठं वादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार. नेपाळच्या बाजूनं पूर मधुबनीकडे निघालाय. २३ जानेवारी घातवार आहे. २६ फेब्रुवारीला तर प्रलयच होणार. एकाहून एक भयंकर. ज्यांचं काही गेलं नव्हतं, ते लोक पुढच्या संकटाच्या तारखा एकमेकांना सांगत होते.

पुढे १९५० साली दार्जिलिंगच्या डोंगरात दरडी कोसळल्या, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनीही असाच अभ्यास केला. तिथं नुकसान लोकांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. घरं गेलेली दिसत होती. आणि तिथं अशा फुगवलेल्या, पुढच्या प्रलयाच्या अफवा फारशा नव्हत्याच.

हे कोडं लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन अभ्यासकाच्या हाती लागलं. त्यानं त्याचं जे उत्तर काढलं ते मला फार मोलाचं वाटतं. आपण समजतो की अफवा ऐकून माणूस घाबरतो. तो म्हणाला, नाही, आधी माणूस घाबरलेला असतो. बिहारच्या त्या लोकांचं अंग भूकंपानं थरथरलं होतं, छातीत धडधडत होतं. पण आजूबाजूला बघावं तर भिंत उभी, चूल तशीच, गोठ्यातली गाय रवंथ करतेय. मग एवढी भीती कशाची? मनाला ही विसंगती सहन होत नाही. भीती जेवढी मोठी, तेवढंच मोठं कारण मन शोधायला लागतं. पुढच्या भूकंपाची अफवा ते कारण पुरवते. दार्जिलिंगच्या माणसाला असं कारण शोधावं लागलं नाही, ते त्याच्या समोर पडलेलं होतं. १९५७ साली फेस्टिंगरचं या विसंगतीच्या सिद्धांतावरचं पुस्तक आलं आणि आज तो सिद्धांत जगभर शिकवतात. त्याच्या मुळाशी बिहारच्या अफवा आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

आणि कारण शोधण्याची ही ओढ फक्त साध्यासुध्या माणसांनाच असते असं नाही बरं. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं त्या भूकंपाबद्दल खुद्द गांधीजी म्हणाले होते आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला होता.

तुम्हीही हे अनुभवलं असेल. रात्री दचकून जाग येते, छाती धडधडत असते. बाहेर काहीच नसतं, पण आपण म्हणतो, ‘कुत्रं भुंकलं, कुणीतरी आहे बरं का परसात.’ आधी धडधड, मग चोर.

आता पुन्हा त्या मुलं पळवणाऱ्या टोळीकडे या. आपल्या मनात भीती आधीपासून असतेच. मुलगी आठवीत गेली, शाळा तीन किलोमीटरवर, वाटेत उसाचं रान. नवरा ऊसतोडीला गेलाय, घरी म्हातारी आणि दोन पोरं. अंधार पडला तरी एस.टी. आली नाही. ही भीती खोटी नाही. पण तिला नाव नसतं, चेहरा नसतो. हा निरोप तिला चेहरा देतो. ‘भिकाऱ्याच्या वेशातला परका माणूस.’ आता कुणापासून जपायचं ते कळलं, असं वाटून मनाला एक प्रकारचा आधारही मिळतो.

इथंच आपली फसगत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहातल्या नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो. शेजारी, नातेवाईक, घरात येणारा-जाणारा. पण ओळखीच्या माणसाकडे बोट दाखवायचं म्हणजे किती अवघड, ते आपल्याला ठाऊक आहे. परक्याकडे दाखवणं सोपं. आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर नजर ठेवून बसतो आणि ओसरीवर बसलेल्याकडे आपली पाठ असते.

ही झाली एकीच्या मनातली गोष्ट. आता बातमी तोंडातून तोंडात जाताना तिचं काय होतं ते बघू. कानगोष्टींचा खेळ आपण सगळ्याच खेळलोय. पहिलीच्या कानात ‘गंगूची गाय व्याली’ सांगावं, तर शेवटची उठून सांगते ‘गंगूची माय पळाली’. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हाच खेळ शिस्तीत खेळून पाहिला. १९४७ साली त्यांचं अफवांवरचं पुस्तक आलं. ते एका माणसाला एक चित्र बघून त्याचं वर्णन करायला सांगत. ते ऐकून दुसरा तिसऱ्याला सांगे, तिसरा चौथ्याला. पाच-सहा तोंडांत चित्रातला सुमारे सत्तर टक्के तपशील गळून जायचा. उरायची दोन-चार ठसठशीत वाक्यं. अफवा नेहमी आटोपशीर असते ती त्यामुळेच. ‘बहुतेक’, ‘कदाचित’, ‘तो म्हणत होता की’ असले शब्द वाटेतच गळतात.

त्यातलं एक चित्र होतं भुयारी रेल्वेच्या डब्याचं. उतारू बसलेत आणि मधोमध दोन माणसं उभी आहेत, एक गोरा, एक काळा. गोऱ्याच्या हातात वस्तरा आहे. हे वर्णन एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता निम्म्याहून जास्त खेपांना वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला! कुणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. पण अमेरिकेतल्या गोऱ्या समाजाच्या मनात काळ्या माणसाबद्दल जो आकस बसलेला होता, त्यानं वाटेत गुपचूप वस्तऱ्याचा हात बदलला.

मैत्रिणींनो, आपल्या गावात हा वस्तरा कुणाच्या हातात जातो, ते मनाशी आठवून बघा. गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्यांच्या. भिक्षा मागत फिरणाऱ्यांच्या. दुसऱ्या धर्माच्या फकिराच्या. एकट्या राहणाऱ्या विधवेच्या. २०१७ साली उत्तर भारतात बायकांच्या वेण्या कापणाऱ्या भुताटकीची अफवा उठली होती. आग्रा जिल्ह्यात त्या संशयावरून एका म्हाताऱ्या बाईला मारून टाकलं. ती दलित समाजातली होती. पर वाटेल तिथून उडतो, पण त्याचा कावळा बसतो तो बऱ्याचदा दुबळ्याच्याच घरावर.

भटक्या जमातींच्या बाबतीत तर या आकसाला सरकारी शिक्का होता. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. त्या जमातीत जन्म झाला की माणूस पोलिसांच्या नजरेखाली. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला, म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणतात. कायदा गेला, लोकांच्या मनातला वस्तरा मात्र तिथंच राहिला.

आता नात्याकडे येते. निरोप पुढे पाठवणारी वहिनी वाईट असते का? मुळीच नाही. ती माया म्हणून पाठवते. तिच्या मनात साधा हिशोब असतो. पाठवलं आणि खोटं निघालं तर काय बिघडलं? नाही पाठवलं आणि खरंच काही झालं तर? या हिशोबात एक माणूस धरलेलाच नाही, ज्याच्यावर संशय जाणार आहे तो. तो आपल्या ग्रुपवर नसतो ना.

दुसरं असं की आपल्या माणसाच्या बातमीवर शंका घेणं म्हणजे त्या माणसावरच शंका घेतल्यासारखं होतं. सासूबाई सांगतायत आणि सुनेनं ‘खोटं आहे’ म्हणायचं? घरात आठवडाभर अबोला. म्हणून ‘खोटं आहे’ म्हणू नये, असं माझं मत आहे. विचारावं.

‘अहो आत्या, तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘अगं, शेवंताच्या जावेनं.’

‘तिनं स्वतः बघितलं का?’

‘तिनं नाही बाई. तिच्या भावानं बाजारात ऐकलं.’

‘मूल कुणाचं गेलं म्हणाला? गाव कोणतं?’

बस. यात कुणाचा अपमान नाही. पण बघणारं कुणीच सापडत नाही, हे आत्यांच्या स्वतःच्याच तोंडून निघतं. माणूस दुसऱ्यानं सांगितलेलं जेवढं मानतो, त्याहून स्वतःच्या तोंडून निघालेलं जास्त मानतो.

व्हिडिओ असेल तर मात्र ‘मी डोळ्यांनी बघितलं’ असं वाटतं. २०१८ साली देशभर एक व्हिडिओ फिरला. मोटारसायकलवर दोघंजण येतात आणि गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात. बघणाऱ्या आईच्या पोटात गोळाच यावा. तो आपल्याकडचा नव्हताच. पाकिस्तानातल्या कराची शहरात मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली ती जाहिरात होती. मूळ व्हिडिओत ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांना जपा अशा अर्थाचा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

आता जे सांगायचं मी आतापर्यंत पुढे ढकलत होते, ते.

त्याच वर्षी १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप त्या भागात आधीच फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागून जगणारी माणसं. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून संशय आला. जमावानं त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं ते पाचही जण मार खाऊन मेले. कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

त्या गर्दीतल्या प्रत्येकाला खून करायचा होता, असं मला वाटत नाही. बाजाराला आलेली माणसं होती. काहींच्या मनात ‘हे चुकतंय’ असंही आलं असणार. मग कुणी थांबवलं का नाही?

याचा एक धागा अमेरिकेतल्या एका प्रयोगात सापडतो. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत कागद भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून आत धूर सोडला. विद्यार्थी एकटा असेल तर चारातले तिघं उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत आधी पढवून ठेवलेली दोन माणसं शांत बसलेली असली, तर दहातला फक्त एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हातानं धूर बाजूला सारत कागद भरत राहिले! प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून ठरवत होता की काही विशेष नसावं. विस्तवाशिवाय धूर निघत नाही असं आपण म्हणतो, पण शेजारचा गप्प असला तर डोळ्यात गेलेला धूरही धूर वाटत नाही.

जाता जाता सांगते, या संशोधनाला कारण झालेली गोष्ट स्वतःच पराचा कावळा होती. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला. ३८ जणांनी तो डोळ्यांनी बघितला आणि कुणीच काही केलं नाही, असं तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रानं छापलं. पन्नास वर्षं ते पुस्तकांतून शिकवलं गेलं. नंतर उलगडलं की आकडा फुगवलेला होता आणि शेजारी अगदीच गप्प नव्हते. वर्तमानपत्रानंही पुढे ते कबूल केलं. तेव्हा शिकलेल्यांच्या अफवा पुस्तकात जाऊन बसतात, एवढाच काय तो फरक.

दुसरा प्रयोग सॉलोमन ॲश यांचा, १९५०च्या सुमाराचा. एका पुठ्ठ्यावर एक रेघ, दुसऱ्यावर लहान-मोठ्या तीन रेघा. पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. बालवाडीतलं पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतला एकच माणूस खरा, बाकीचे सात-आठ पढवलेले, आणि ते एकामागून एक ठणकावून चुकीची रेघ सांगत. मग त्या खऱ्या माणसाची पाळी. त्यांच्यातल्या चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून सगळ्यांबरोबर चुकीचं उत्तर दिलं. काहीजण नंतर म्हणाले, ‘मला वेगळं दिसत होतं, पण वाटलं आपलंच चुकत असेल.’ गटाच्या बैठकीत हिशोबाच्या वहीवर ‘आहे ना सगळ्यांना मान्य?’ म्हणून विचारतात आणि आपण माना डोलावतो, तेव्हा आपलंही असंच होतं की नाही?

पण या प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ॲश यांनी पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. फक्त एकाला. तेवढ्यानं चुकीच्या उत्तरांचं प्रमाण पाव हिश्शावर आलं. मग त्यांनी आणखी एक गंमत केली. त्या एकाला चुकीचंच, पण इतरांपेक्षा वेगळं उत्तर द्यायला लावलं. तरीही समोरच्याची जीभ मोकळी झाली! म्हणजे त्या एकाचं उत्तर बरोबरच असलं पाहिजे असं नाही. सगळे एकच म्हणत नाहीत एवढं दिसलं तरी पुरतं.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? पकडलेला परका माणूस निर्दोष आहे की नाही, हे तुम्हाला माहीत असायची गरज नाही. ‘मला माहीत नाही, पण पोलीस पाटील येईस्तोवर हात लावू नका’ एवढं म्हणता येतं. त्याची बाजू घ्यावी लागत नाही, त्याच्यासाठी शपथ घ्यावी लागत नाही. आणि असं कुणी म्हणालं की मनातून तसंच वाटणारी मागची दोन माणसं पुढे यायची शक्यता वाढते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. ॲश यांच्या खोलीत कुणाच्या हातात काठी नव्हती. पेटलेल्या जमावापुढे एकटीनं उभं राहा, असं मी कुणालाही सांगणार नाही. राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी, २८ जूनला, त्रिपुरात काय झालं ऐका. अफवा खोट्या आहेत हे गावोगाव ध्वनिक्षेपकावरून सांगण्यासाठी सरकारनं एका माणसाला नेमलं होतं. जमावानं मुलं पळवणारा समजून त्यालाच मारून टाकलं. तो सांगत होता ते खरं होतं, पण लोक आधीच पेटलेले होते आणि सांगणारा त्यांच्यासाठी परका होता. तेव्हा जमाव जमला की लांबून ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना आणि सरपंचांना फोन करा, आणि आपल्या घरातल्या पुरुषांना, पोरांना त्या गर्दीतून नाव घेऊन हाक मारून बाहेर बोलवा. ‘ए बाळू, इकडे ये आधी’ अशी आईची हाक गर्दीतल्या माणसाला पुन्हा एकटा माणूस करते, असं मला वाटतं. याचा प्रयोग कुणी केलाय का, ते विचारू नका.

खरं काम मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. तेलंगणात गद्वाल भागात २०१८ साली रेमा राजेश्वरी नावाच्या पोलीस अधीक्षक होत्या. निरोप फिरायला लागल्याबरोबर त्यांनी एकेका पोलिसाला ठरावीक गावं वाटून दिली. त्यानं गावात जायचं, लोकांशी ओळख करायची, गावच्या ग्रुपवर स्वतःचा नंबर द्यायचा, म्हणजे निरोप आला की लोक आधी त्यालाच विचारतील. सोबत डफ वाजवून गाणारे लोककलावंतही पाठवले. तिथं अशा अफवांपायी कुणाचा जीव गेला नाही. त्रिपुरात आणि इथं सांगायची गोष्ट एकच होती. फरक होता तो सांगणारा ओळखीचा असण्यात आणि भीतीला चेहरा मिळायच्या आत येण्यात.

हे आपल्या गटालाही जमण्यासारखं आहे. पुढच्या बैठकीत एकीवर हे काम सोपवा. पोलीस ठाण्याचा आणि पोलीस पाटलांचा नंबर तिच्याकडे असावा. संशयाचा निरोप आला की ग्रुपवर चर्चा न करता तो तिच्याकडे द्यायचा, तिनं फोन करून विचारायचं आणि उत्तर ग्रुपवर टाकायचं. उत्तर टाकताना आधी खरं काय ते लिहा. ‘आपल्या तालुक्यात एकही मूल हरवलेलं नाही, आज पोलीस ठाण्यात विचारलं’ असं. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे हे खोटं आहे’ असं लिहिलं की घाईत वाचणारीच्या लक्षात टोळीच राहते. मूल खरोखरच अडचणीत असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, तोही वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

कुणाबद्दल संशयाची गोष्ट बैठकीतच निघाली आणि काय करायचं ते ठरवायचं असलं, तर हात वर करायला लावू नका. चिठ्ठ्या लिहून घ्या. ॲश यांच्या प्रयोगातही उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हा माणसं पुष्कळ कमी ढळली. जिला लिहिता येत नाही तिला ज्वारी आणि मक्याचे दाणे द्या, डब्यात टाकायला. ज्वारी म्हणजे हो, मका म्हणजे नाही.

आणि तुमच्याकडून एखादा खोटा निरोप आधीच गेला असेल, तर तो नुसता पुसू नका. तुम्ही पुसाल, पण ज्यांनी वाचला त्यांच्या मनातून तो पुसला जात नाही. ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता तिथं, आपल्या नावानं, ‘मी काल पाठवलेलं खरं नव्हतं’ असं टाका. माहेरच्या ग्रुपवर जरा अवघड जाईल.

आता सुगी झाली की भटकी कुटुंबं येतील, गावाबाहेर पालं पडतील. त्यांची नोंद करा, आधार कार्ड तपासा असं सुचवणारे असतात. मला त्यात १८७१ च्या कायद्याचा वास येतो. त्यापेक्षा पाणी भरायला आलेल्या त्यांच्यातल्या बाईला नाव विचारा, आपलं सांगा. तिच्या पोराला डोस दिलाय का ते आशाताईंना बघायला सांगा. अंगणवाडीत त्याला नेऊन बसवा. मग चार दिवसांनी कुणाच्या फोनवर तो निरोप आलाच, तर पाराजवळच्या चार बायकांत एखादी तरी म्हणेल, ‘अगं, ती होय? तिला मी ओळखते की.’